कॅमेरा घेऊन गर्दीत जाताना सामान कसं सांभाळता? इंदूर आणि आसपासच्या मंडळींसाठी

ओटल्यावरचा

नमस्कार मंडळी. अनंत चतुर्दशी तोंडावर आली आहे. त्या रात्री झाँक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, टिपायला आमचा गट दरवर्षी निघतो. गिरण्या बंद पडून किती वर्षं लोटली, तरी हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार या नावांनी कामगार अजून झाँक्या काढतात. पुढे आखाड्यांचे पट्टेबाज, मागे रोषणाई, आणि रस्ता पहाटेपर्यंत जागा. हे टिपायचं म्हणजे लाख-दोन लाखांचं सामान अंगावर घेऊन रात्रभर माणसांच्या रेट्यात उभं राहायचं. यंदा गटात काही नवी मुलं आहेत. एकाने हप्त्यांवर फुल फ्रेम बॉडी घेतली आहे. त्याच्या आईचा मला फोन आला होता, "दादा, त्याच्या कॅमेऱ्याकडे तुमचं लक्ष असू द्या." म्हणून हा धागा काढतो आहे.

माझं मत आधी सांगतो, मग तुम्ही खोडा. इंदुरात माझ्या ओळखीपाळखीत जे कॅमेरे गेले, त्यात गळ्यातला ओढून नेलेला जवळपास नाहीच. गेलं ते खाली ठेवलेलं. ट्रायपॉडच्या पायाशी टेकवलेली बॅग, कारच्या मागच्या सीटवरची बॅग, लग्नात मंचामागे सरकवलेली बॅग. कृष्णपुरा छत्रीपाशी संध्याकाळी आमच्यातला एक जण लाँग एक्स्पोजर घेत होता. दोन पोरं आली, "भिया, आमचा एक फोटो काढून द्या ना" म्हणाली. फोटो काढून होईतो तिसऱ्याने बॅग उचललेली. कॅमेरा ट्रायपॉडवर तसाच होता. बॅगेत दोन लेन्स आणि फ्लॅश होते.

दुसरं असं, की गटात असलो की आपण "बघ हं जरा" म्हणून सामान सोडून जातो. कोणाला म्हणालो ते नेमकं नसतं. सगळ्यांनी बघायचं ठरलं की कोणीच बघत नाही. म्हणून यंदा आमच्यात नियम केला आहे: सामान सोडायचं तर एकाचं नाव घेऊन सोडायचं, आणि त्याने "हो" म्हटल्याशिवाय हलायचं नाही.

तुम्ही काय करता?

शटरस्पीड

चांगला विषय. मी बॅगेपासून सुरुवात करतो.

कॅमेऱ्याची बॅग लांबून ओळखू येते. काळं नायलॉन, फुगीर आकार, वर कंपनीचं नाव. ती घालून फिरणं म्हणजे आत काय आहे ते सांगत फिरणं. माझी बाहेरची पिशवी साधी खादीची शबनम आहे, आत फक्त कॅमेऱ्याचे गादीवाले कप्पे बसवले आहेत. असे कप्पे सुटे मिळतात, कुठल्याही झोळ्यात बसतात. बॉडीवरचं कंपनीचं नाव आणि पट्ट्यावरचं मॉडेलचं नाव मी काळ्या गॅफर टेपने झाकलं आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेला तो मोठ्या अक्षरांचा पट्टा पहिल्याच दिवशी काढून ठेवावा.

पाठीवरची सॅकच हवी असेल तर पाठीच्या बाजूने उघडणारी घ्या. लोप्रोची फ्लिपसाइड तशी आहे. चेन पाठीला चिकटलेली राहते, त्यामुळे मागून कोणी उघडू शकत नाही. साधी सॅक असेल तर दोन्ही चेनचे ओढे एका छोट्या कॅराबिनरने जोडा. कुलूप लावू नका, कुलूप बघून लोकांना किंमत कळते. चोराला फक्त पाच-दहा सेकंद जास्त लागावेत, एवढंच हवं असतं.

रामबागवाली

ओटल्यावरचा दादा, खाली ठेवलेल्या बॅगेबद्दल पूर्ण सहमत. पण ओढून नेणं जवळपास नसतंच, हे मला मान्य नाही. बायकांचं वेगळं आहे हो. एकटी बाई हातात कॅमेरा घेऊन रस्त्याच्या कडेने चालली, की दुचाकीवरचे दोघे तिच्याकडे आधी बघतात. मंगळसूत्राला जे होतं तेच कॅमेऱ्याच्या पट्ट्याला होऊ शकतं.

म्हणून पट्ट्याचं नीट बोलू या, कारण इथे चुकीचा सल्ला बराच फिरतो. "पट्टा अंगावर तिरका घाला, ओढला तरी सुटणार नाही" असं सगळे सांगतात. सुटणार नाही हे खरं. पण दुचाकीवरून हिसका बसला आणि पट्टा सुटला नाही, तर रस्त्यावर तुम्ही फरफटता. तारेची जाळी शिवलेले, न कापले जाणारे पट्टे येतात, त्यात तर हा धोका आणखी. ते पट्टे गर्दीत ब्लेड मारणाऱ्यासाठी चांगले, वाहत्या रस्त्यासाठी नाहीत.

मी दोन गोष्टी करते. वाहता रस्ता असेल तर कॅमेरा रस्त्याच्या उलट्या खांद्यावर, भिंतीच्या बाजूला. आणि समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने चालते, मागून येणाऱ्या नाही. सराफ्यासारख्या रात्रीच्या खाऊबाजारात वाहन शिरतच नाही, तिथे पट्टा तिरका, कॅमेरा छातीवर, पिशवी पुढे. फोटो घ्यायला थांबायचं तर पाठ बंद दुकानाच्या शटरला लावून थांबायचं. सराफ्यात रात्री दहानंतर सोन्याची बहुतेक दुकानं बंद झालेली असतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात, त्यामुळे जिथे गाडी नसेल तिथे पाठ टेकायला जागा बघायची. मागून कोणी येऊच शकत नाही, मग दोन हात आणि दोन डोळे पुढचं सांभाळायला पुरतात.

आणि हिसकलाच तर सोडून द्या. माझ्या मुलीला मी हे बजावून सांगितलं आहे. लेन्स परत घेता येते.

ओटल्यावरचा

रामबागवाली ताई, पट्ट्याचा मुद्दा पटला. ओढून नेण्याबद्दल मी माझ्या आजूबाजूच्या पुरुषांवरून बोललो, ते अपुरं आहे. गटात दोन मुली आहेत, त्यांना तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवतो.

पाणपक्षी

पक्ष्यांवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर, दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, तेव्हापासून हिवाळ्यात पहाटे तिथे मोठ्या लेन्सवाले बरेच दिसतात. आमची लेन्स लपवता येत नाही. कॅननच्या मोठ्या लेन्स पांढऱ्या, सोनीची २००-६०० पांढरी. तळ्याच्या पलीकडून दिसते. त्यावर झाडीच्या रंगाचं निओप्रीनचं आवरण घालतात ते पक्ष्यांसाठी, पण माणसांच्या नजरेसाठीही ते कामाचं आहे.

तिथे खरी चोरी होते ती गाडीतून. पहाटे गाडी लावायची, डिक्की उघडून सगळं बाहेर काढायचं, एक लेन्स निवडायची, बाकीचं परत डिक्कीत ठेवायचं आणि तळ्याकडे निघायचं. जो कोणी बघत असेल त्याला गाडीत काय आहे, कुठे आहे आणि तुम्ही किती वेळ येणार नाही, हे तिन्ही कळलं. पातालपाणी, तिंछा, चोरल, सगळीकडे पावसाळ्यातल्या रविवारी हेच चालतं.

आमच्याकडे ठरलेलं आहे: सामानाची निवड घरी. जागेवर पोचल्यावर डिक्की उघडायचीच नाही. जे लागणार ते मांडीवर, बाकीचं घरी. आणि डिक्कीत कितीही लपवलं तरी सीटवर रिकामी बॅगसुद्धा ठेवू नका. काच फोडणारा आत डोकावून ठरवतो, बॅग रिकामी आहे हे त्याला फोडल्यावरच कळतं.

स्कूटरवाल्यांनो, सीटखालची डिक्की ही तिजोरी नाही. सीट एका बाजूने वर ओढली की हात आत जातो.

शटरस्पीड

यावर एक भर. सिग्नलला कोणी काचेवर टकटक करून "ऑइल गळतंय", "टायर बसलाय", "नोटा पडल्यात तुमच्या" म्हणालं, तर उतरू नका. पुढे पेट्रोल पंपावर थांबून बघा. ड्रायव्हर एका बाजूने उतरतो आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडतं. ही युक्ती जुनी आहे पण अजून चालते. गाडी चालू लागली की दारं आतून बंद करायची सवयच लावून घ्या.

फेरे_आणि_फ्लॅश

मी लग्नाचं काम करतो, इंदूर, देवास, उज्जैन. आमच्या धंद्यात सामान सगळ्यात जास्त जातं, त्यामुळे सविस्तर लिहितो.

मॅरेज गार्डन ही अशी जागा आहे, जिथे कोणीही चांगले कपडे घालून शिरू शकतं. मुलीकडचे समजतात मुलाकडचा आहे, मुलाकडचे समजतात मुलीकडचा. लहान मुलाला सूट घालून पाठवतात, ते मूल मंचाजवळ खेळत राहतं आणि दागिन्यांची किंवा पैशांची बॅग घेऊन निघून जातं. अशा बातम्या लग्नसराईत दरवर्षी येतात. आमची काळी बॅगही त्याला तशीच दिसते.

सगळ्यात धोक्याची वेळ वरमाला. टीममधला प्रत्येक जण, अगदी लाइट धरणारासुद्धा, वर बघत असतो. बॅगा मंचामागे, डीजेच्या टेबलाखाली, नाहीतर फुलवाल्याच्या टोपल्यांशेजारी. दुसरी वेळ जेवणाची. तिसरी पहाटेची, फेरे संपल्यावर, जेव्हा सगळे थकून खुर्च्यांवर कलंडलेले असतात.

आम्ही आता हे करतो. एक मुलगा फक्त सामानासाठी. त्याला कॅमेरा हातात द्यायचा नाही, "जरा इकडे धर" म्हणायचं नाही. त्याचा दिवसाचा मोबदला पार्टीला दिलेल्या हिशेबात वेगळा लिहितो, आणि का ते समजावून सांगतो. बहुतेक जण मान्य करतात, कारण त्यात त्यांचंच काम सुरक्षित राहतं. बॅगा एकात एक अडकवून तारेच्या केबल लॉकने टेबलाच्या किंवा खांबाच्या पायाला बांधतो. कोणी कापायला बसणार नाही, कारण तिथे चारशे माणसं आहेत. उचलून चालू लागणं एवढंच बंद करायचं असतं.

पार्टीने खोली दिली तर तिची किल्ली कोणाकोणाकडे आहे हे विचारा. बहुतेक वेळा चार जणांकडे असते. माझं कुलूप मी घेऊन जातो.

आणि मेमरी कार्डं. बॉडी गेली तर नुकसान माझं. कार्ड गेलं तर त्या घरातलं लग्न गेलं, ते परत लागत नाही. दोन कार्डांची बॉडी असेल तर दोन्हीवर एकदम लिहायला लावा. हळद संपली, कार्ड काढलं, खिशात. वरमाला संपली, कार्ड काढलं, खिशात. खिसा म्हणजे पँटचा, चेन असलेला. बॅगेतलं कार्डांचं पाकीट नाही. मोठं एकच कार्ड दिवसभर चालवण्यापेक्षा लहान कार्डं बदलत राहणं बरं.

बडोदेकर

बडोद्याहून. आमच्याकडे नवरात्रात हेच. गरब्याच्या मैदानात मंडळी आपापलं वर्तुळ करतात आणि चपला, पाण्याच्या बाटल्या, पर्स सगळं वर्तुळाच्या मध्ये ठेवून नाचतात. वर्तुळ फिरत असतं तोवर मधलं सामान सगळ्यांच्या नजरेत असतं. लय वाढली, वर्तुळ फाकलं, की मध्ये कोणीही शिरतं. आम्ही फोटोवाले मैदानात बॅग नेतच नाही. एक बॉडी, एक झूम, जादाची बॅटरी खिशात.

ओटल्यावरचा

बडोदेकर, अगदी हेच आमच्याकडे रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला. टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत माणूस हलू शकत नाही, वरून टँकरचं पाणी आणि गुलालाचे लोट. तिथे लेन्स बदलली तर सेन्सरवर गुलाल बसणार, म्हणजे दुसरी लेन्स नेऊन उपयोगच नाही. मग बॅग कशाला? प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक बॉडी आणि मनगटाला पट्टा. शक्य असेल तर ओळखीच्या घराची गच्ची गाठावी. गच्चीवरून गेर दिसतोही जास्त चांगला.

झाँक्यांना मात्र रात्रभर थांबायचं असल्यामुळे दोन लेन्स लागतातच. पहाटे तीनच्या सुमारास ओट्यावर बसल्या बसल्या डोळा लागतो. त्या वेळेसाठी काय करावं हा माझा खरा प्रश्न आहे.

रामबागवाली

पट्टा मांडीखालून घेऊन बसा. बॅगेचा एक पट्टा पायात अडकवा. आणि डुलकी येते आहे असं वाटलं की उठून चहाच्या गाडीपर्यंत चालत जा. दोघांनी आळीपाळीने झोपायचं ठरवा, घड्याळ लावून.

काळाकोट

वकिलीच्या नात्याने थोडं लिहितो. चोरी झाल्यावर काय, हे चोरी होण्याआधी माहीत असावं लागतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरी कलम ३०३ मध्ये, हिसकावून नेणं कलम ३०४ मध्ये, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. त्यानुसार चोरी कुठेही झालेली असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. महेश्वरला बॅग गेली आणि तुम्हाला इंदूरला पोचल्यावर कळलं, तरी इथे देता येते, पुढे ती तिकडे वर्ग होते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. प्रत तुम्हाला फुकट मिळायला हवी, ती मागून घ्या. ठाण्यात घेतलीच नाही तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे लेखी, पोस्टाने पाठवता येते, आणि तिथेही हाललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

आता नेहमी होणारी गोष्ट. ठाण्यात तुम्हाला सांगतात, "हरवल्याचा अर्ज देऊन टाका, लवकर होईल." देऊ नका. हरवलं आणि चोरलं यात फार अंतर आहे. हरवल्याच्या अर्जावर तपास होत नाही आणि विमा कंपनी पैसे देत नाही. "बॅग अमुक ठिकाणी ठेवली होती, अमुक वेळी दिसली नाही, अज्ञात व्यक्तीने चोरून नेली" असंच लिहून द्या.

तक्रारीत "एक कॅमेरा बॅग" असं मोघम लिहू नका. प्रत्येक वस्तू वेगळी, तिचा सिरियल नंबर आणि किंमत. लेन्सचा नंबर वेगळा असतो, फ्लॅशचा वेगळा. हा नंबर नसेल तर माल सापडूनही तो तुमचा आहे हे सिद्ध करणं कठीण जातं. पोलिसांनी जप्त केलेला माल कोर्टातून सुपुर्दगीवर सोडवावा लागतो, तिथे बिल आणि नंबर हेच बघतात.

मोबाइल चोरीला गेला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बंद करता येतो. कॅमेऱ्याला आयएमईआय नसतो, त्याला असं बंद करण्याची सोय नाही. म्हणून नंबर आणि बिल, एवढंच तुमच्या हातात आहे.

नवी_बॉडी

काका, मीच तो हप्त्यांवाला. सिरियल नंबर नेमका कुठे असतो? बॉडीच्या खाली एक दिसतो, लेन्सवर सापडत नाही.

शटरस्पीड

लेन्सवर बहुतेक वेळा माउंटच्या कडेला किंवा नळीच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरांत कोरलेला असतो. मोबाइलने जवळून फोटो काढ आणि मोठा करून बघ. खोक्यावरही असतो, खोकं फेकू नकोस. सगळ्या वस्तू चादरीवर मांडून एक फोटो, मग प्रत्येकाच्या नंबराचा जवळून एक फोटो, आणि बिलाचा फोटो. हे सगळं स्वतःला ईमेल करून ठेव, म्हणजे मोबाइल त्याच बॅगेबरोबर गेला तरी हाताशी राहील.

आणखी एक. बऱ्याच बॉड्या स्वतःचा सिरियल नंबर प्रत्येक फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलीत दडलेल्या माहितीत लिहितात. एक्झिफटूल हे मोफत सॉफ्टवेअर आहे, तुझ्या जुन्या एखाद्या मूळ फाइलवर चालवून बघ. नंबर लिहून ठेवला नव्हता अशा लोकांना जुन्या फोटोंतून तो सापडला आहे. स्टोलनकॅमेराफाइंडर नावाची साइट याच नंबरावरून इंटरनेटवरचे फोटो शोधते. पण आपण ज्या व्हॉट्सॲप आणि सोशल मीडियावर फोटो टाकतो, तिथे एक्झिफ बहुतेक वेळा गाळला जातो, त्यामुळे फार आशा धरू नये. मेन्यूमध्ये कॉपीराइटच्या रकान्यात नाव आणि मोबाइल नंबरही भरून टाक.

नवी_बॉडी

धन्यवाद दादा. आजच करतो. बॅग शोधायला ॲपलचा तो छोटा एअरटॅग मिळतो, त्याबद्दल कोणाचा अनुभव?

पाणपक्षी

माझ्या दोन्ही बॅगांत आहे. काय चालतं आणि काय नाही ते सांगतो. त्यात जीपीएस नसतं. जवळून जाणाऱ्या ॲपलच्या उपकरणाला तो ब्लूटूथने दिसतो आणि त्या उपकरणाची जागा तुम्हाला कळते. म्हणजे राजवाड्यावर, छप्पन दुकानवर तो छान चालेल, सिरपूरच्या बांधावर पहाटे गप्प राहील. बॅग गावाबाहेर गेली तर आयफोनवाला कोणी शेजारून जाईतो काही कळणार नाही. अँड्रॉइडवाल्यांसाठी गुगलचं तसंच जाळं २०२४ पासून सुरू झालं आहे, त्यावर चालणारे टॅग आपल्याकडे मिळतात. ज्याचा जो फोन त्याने तो टॅग घ्यावा.

तो चोरालाही कळतो हे ध्यानात ठेवा. अनोळखी टॅग सोबत फिरतो आहे अशी सूचना आयफोनवर येते, नव्या अँड्रॉइड फोनवरही येते. मालकापासून दूर राहिला की काही तासांनी हलवल्यावर वाजतोही. लोकांचा पाठलाग होऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. त्यामुळे पहिले काही तास महत्त्वाचे. बॅगेच्या तळाच्या गादीखाली शिवून टाका, किल्ल्यांच्या कप्प्यात नाही. बॅटरी साधी सीआर २०३२ असते, सुमारे वर्षभर जाते.

आणि नकाशावर ठिपका दिसला म्हणून एकट्याने त्या गल्लीत जाऊ नका. ११२ ला फोन करा, तक्रारीची प्रत आणि ठिपका घेऊन ठाण्यात जा.

पॉलिसीवाली

विम्याचं कोणीतरी विचारेलच म्हणून आधी लिहिते. मी हेच काम करते, कंपनीचं नाव घेणार नाही.

"माझ्या घराचा विमा आहे, त्यात कॅमेरा येतो" असं बरेच जण समजतात. घरातल्या सामानाचा विमा घरातल्या सामानाचा असतो. कॅमेरा घेऊन तुम्ही राजवाड्यावर गेलात की तो संपला, जोवर त्यात ऑल रिस्क प्रकारचं संरक्षण जोडून त्या कॅमेऱ्याचं नाव आणि नंबर लिहिलेला नाही. दुकानदारांची जी बर्गलरी पॉलिसी असते, तिच्यात बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा लागतात. कुलूप तुटलेलं, कडी उचकटलेली. उघड्या दारातून कोणी उचलून नेलं तर अडचण येते.

घेताना चार-पाच ओळी शोधून वाचा. कोणी नसलेल्या वाहनातून गेलेलं सामान धरलं आहे का? बहुतेक ठिकाणी नाही, किंवा बंद डिक्कीत आणि काच फोडल्याच्या खुणा असतील तरच. धंद्यासाठी वापरता हे लिहिलं आहे का? लग्नाची कामं घेता आणि पॉलिसीत घरगुती वापर लिहिला असेल तर दावा तिथेच अडकतो. फेरे_आणि_फ्लॅश दादा, तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं. विम्याची रक्कम कमी लिहून हप्ता वाचवू नका. सामान चार लाखांचं आणि विमा दोन लाखांचा असेल, तर एक लाखाची लेन्स गेल्यावर पन्नास हजारच्या आसपासच हिशेब होतो, कारण निम्मा धोका तुम्ही स्वतःकडे ठेवला असं धरतात. घसारा वजा होतो तो वेगळा.

चोरी झाली की त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ईमेल. उशीर झालाच तर कारण लेखी द्या. निव्वळ उशिराच्या कारणावरून खरा दावा फेटाळू नये असं नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं. पुढे तपासात काही सापडलं नाही की पोलीस खात्मा लावतात, म्हणजे तपास बंद केल्याचा अहवाल देतात. त्या खात्म्याची प्रत दाव्याला लागते. ती आपोआप घरी येत नाही, पाठपुरावा करून काढावी लागते. लोक इथेच कंटाळतात आणि दावा बंद पडतो. कृपा करून कंटाळू नका, तो तुमचा पैसा आहे.

कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही तर विमा लोकपाल आहेत. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

फेरे_आणि_फ्लॅश

पॉलिसीवाली ताई, किरायाने दिलेल्या सामानाचं काय? आमच्या एका स्नेह्याची सिनेमा लेन्स आधार कार्ड दाखवून नेली आणि नेणारा गायब झाला. कार्ड खोटं होतं.

पॉलिसीवाली

दादा, तिथे विमा सहसा मिळत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने विश्वासाने दिलेली वस्तू ज्याला दिली त्यानेच लांबवली, तर बहुतेक पॉलिसीत ते वगळलेलं असतं.

काळाकोट

आणि कायद्यातही ती चोरी नाही. तो विश्वासघात, कलम ३१६, किंवा फसवणूक, कलम ३१८. त्यामुळे तक्रारीत "चोरी" लिहिली तर प्रकरण भरकटतं. सुरुवातीपासून खोटं ओळखपत्र दाखवलं असेल तर फसवणूक असंच लिहा आणि त्या ओळखपत्राची प्रत जोडा.

किरायाने देताना मूळ ओळखपत्र डोळ्यांनी बघा, झेरॉक्सवर भागवू नका. त्यांच्या राहत्या पत्त्यावर एकदा जाऊन या. देताना मोबाइलवर व्हिडिओ करा, त्यात माणसाचा चेहरा, वस्तू, सिरियल नंबर आणि "मी अमुक वस्तू अमुक दिवशी परत देईन" हे त्याच्या तोंडून. करार साध्या कागदावर असला तरी चालेल, पण असू द्या. महाग लेन्स आपल्या माणसाबरोबरच पाठवा.

नर्मदाकाठ

रेल्वेचं कोणी लिहिलं नाही म्हणून. इंदूरहून पुण्याला किंवा अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला जाताना बर्थखालच्या कडीला साखळी लावायचीच, पण कॅमेऱ्याची बॅग खाली ठेवायचीच नाही. उशाला घ्या आणि पट्टा दंडात. रेल्वे कायद्याच्या कलम १०० नुसार, पावती करून न दिलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेच्या हलगर्जीपणामुळे गेलं हे सिद्ध झाल्याशिवाय रेल्वेवर येत नाही. कमरेच्या पट्ट्यात बांधलेली एक लाखाची रोकड चोरीला गेलेल्या प्रवाशालाही २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई नाकारली. चोरी लक्षात आली तर १३९ वर कळवा. तक्रारीचा फॉर्म गाडीतच टीटीई किंवा आरपीएफकडे मिळतो, मधल्या स्टेशनवर उतरायची गरज नाही.

२०२८ ला उज्जैनचा सिंहस्थ आहे. त्या गर्दीत हे सगळं कित्येक पटींनी लागेल, म्हणून हा धागा जपून ठेवावा.

नवी_बॉडी

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी केली, फोटो काढले, ईमेल केलं. एक अडचण राहिली. माझी दुसरी लेन्स मी एका मुलाकडून जुनी घेतली होती, रोख पैसे देऊन. बिल नाही.

काळाकोट

मग आधी हे बघ की ती तुला विकणाऱ्याची स्वतःची होती का. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर कलम ३१७ लागतं, तिथेही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या मुलाकडे मूळ बिल किंवा वॉरंटी कार्ड मागून घे. नसेल तर एका कागदावर त्याच्याकडून लिहून घे: लेन्सचं नाव, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत. तो द्यायला तयार नसेल तर मला वेगळा निरोप पाठव, पुढचं बघू.

नवी_बॉडी

त्याने आत्ताच बिलाचा फोटो पाठवला. सियागंजच्या एका दुकानाचं आहे, नंबर जुळतो. सह्यांसाठी उद्या भेटतो आहे.

ओटल्यावरचा

छान. सह्या झाल्या की तोही फोटो त्याच ईमेलमध्ये घाल. चतुर्दशीला रात्री नऊ वाजता, नेहमीच्या ओट्यावर. सामान कोणी कोणाचं बघायचं याच्या जोड्या मी आदल्या दिवशी ग्रुपवर टाकतो.